कापूस, साथरोग आणि जागतिक राजकारण : झरी जामणी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा (१८६१ ते २०२५)

सारांश

जागतिक राजकारण, अर्थकारण आणि महामारी या तीन विषयांचा विचार बहुधा राष्ट्रांच्या राजधान्या, आंतरराष्ट्रीय संघटना व महानगरे यांच्या अनुषंगाने केला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात हाच विचार यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील झरी जामणी या आदिवासीबहुल, कापूस पिकविणाऱ्या परिसराच्या अनुषंगाने मांडला आहे. अमेरिकन यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ, १८९७ चा साथरोग कायदा, १९१८ ची इन्फ्ल्युएन्झाची साथ आणि २०२० नंतरची कोविड महामारी या टप्प्यांचा येथे परस्परसंबंधाने विचार केला आहे. जागतिक संकट दुर्गम भागात 'बाहेरून' येत नाही. बाजारपेठेने आधीच तयार केलेल्या वाटेने ते येते. तसेच या वाटेवरून जाणाऱ्या मालाची नोंद जितक्या काटेकोरपणे झाली, तितकी येथील माणसांच्या मृत्यूची झाली नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वऱ्हाड, कापूस, साथरोग कायदा, इन्फ्ल्युएन्झा, कोविड, कोलाम, मृत्युनोंद.

१. प्रस्तावना

झरी आणि जामणी या दोन गावांच्या नावांनी ओळखला जाणारा हा तालुका पैनगंगा नदीच्या उत्तर तीरावर वसलेला आहे. नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आहे. पूर्वेस वणी, उत्तरेस मारेगाव आणि पश्चिमेस केळापूर असे त्याचे शेजारी तालुके. गोंड, परधान आणि विशेषतः कोलाम या जमातींची वस्ती येथे मोठ्या प्रमाणावर आहे. कातकरी व माडिया गोंड यांच्याप्रमाणे कोलाम जमातीचा समावेश महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होतो. कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. मूळ गावठाणापासून दूर, टेकडीच्या वा जंगलाच्या कडेला पोड वसलेला असतो. कोलामी ही त्यांची स्वतंत्र द्रविडी भाषा आहे.

अशा परिसराचा जागतिक राजकारणाशी संबंध काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर येथील काळ्या जमिनीत आहे. गेली सुमारे दीडशे वर्षे हा भूभाग ज्या पिकाच्या आधारे जगला, त्या कापसाचा भाव येथे कधीच ठरला नाही. तो लिव्हरपूल, मुंबई, न्यूयॉर्क अशा ठिकाणी ठरत गेला. त्यामुळे दूरवर पेटलेले युद्ध, बदललेली आयातनीती किंवा बंद पडलेले बंदर यांचा परिणाम येथील शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचला.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(१) वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा जागतिक कापूस बाजाराशी जडलेला संबंध ऐतिहासिक दृष्टीने तपासणे. (२) साथरोगाच्या काळातील शासनाच्या धोरणाचे सातत्य शोधणे. (३) मृत्यूच्या नोंदीमागील राजकारणाची चिकित्सा करणे, ही या निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित शासकीय माहिती आणि संशोधकांचे ग्रंथ यांचा आधार घेतला आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. वसाहतकालीन कागदपत्रांत झरी जामणी हा स्वतंत्र तालुका नाही. येथील गावे त्या काळी वणी व केळापूर या तालुक्यांत मोडत. म्हणून जुन्या काळासाठी जिल्हा व प्रांत पातळीवरील माहिती वापरणे क्रमप्राप्त ठरते. परिघावरील प्रदेशाचा इतिहास नेहमी मोठ्या प्रशासकीय एककाच्या आकड्यांत विरघळलेला असतो, ही बाबही येथे लक्षात घ्यावयास हवी.

३. कापसाचे साम्राज्य आणि वऱ्हाडचा आग्नेय कोपरा

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. हा व्यवहार वरकरणी कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी झालेला होता. तथापि वऱ्हाडची काळी जमीन आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक यांचा संबंध इंग्रज अधिकाऱ्यांना पुरता ठाऊक होता. पुढे १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. वणी गावावरून 'वुण' या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा झाला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केल्यामुळे लँकेशायरला होणारा कापसाचा पुरवठा तुटला. गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या अमेरिकन कापसाची जागा भारतीय कापसाने घ्यावी, यासाठी इंग्लंडमधील गिरणीमालकांनी सरकारवर दबाव आणला. मुंबईत कापसाचे भाव अनेक पटींनी वाढले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या भोवती सट्ट्याचे आणि बॅक बे भरावाच्या योजनेचे जे पर्व उभे राहिले, ते याच तेजीचे अपत्य होय. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो डोलारा कोसळला.

युद्ध संपले तरी त्यासाठी उभारलेली यंत्रणा मागे राहिली. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नेमला गेला आणि हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी ते पद सांभाळले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली व त्याच वर्षी भारत-इंग्लंड थेट सागरी तारमार्गही कार्यान्वित झाला. यामुळे लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडातील व्यापाऱ्यापर्यंत अल्पावधीत येऊ लागला. 'उमरा' व 'हिंगणघाट' ही वऱ्हाड-नागपूर प्रदेशातील कापसाची नावे परदेशी बाजारात रूढ झाली.

या बदलाचे दोन परिणाम महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे भाववाढीचा लाभ आणि भाव कोसळल्याचा तोटा यांची वाटणी विषम झाली. उभ्या पिकावर उचल घेणाऱ्या कुळाला माल सावकाराच्या दारातच टाकावा लागे. तेजीचा मोठा हिस्सा मधल्या साखळीत जिरे. मंदी मात्र कर्जाच्या रूपाने शेतकऱ्याच्या खाती जमा होई. दुसरा परिणाम जंगलाशी निगडित आहे. सर्वेक्षण, खातेपद्धती आणि जंगलांचे आरक्षण यांमुळे फिरती शेती, बांबूकाम व वनोपज यांवर जगणाऱ्या कोलामांचा आधार आकुंचित झाला. त्यांतील अनेक जण दुसऱ्याच्या कापसाच्या शेतातील मजूर झाले. जो समाज बाजारपेठेत विक्रेता म्हणून कधी उतरलाच नव्हता, तोही अशा रीतीने तिच्या चढउतारांना बांधला गेला.

४. दुष्काळ : अन्नाची वाट आणि कापसाची वाट

१८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला. १८९१ च्या जनगणनेत २८,९७,४९१ असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये २७,५४,०१६ पर्यंत खाली आली. म्हणजे दहा वर्षांत ती सुमारे पाच टक्क्यांनी घटली.

लक्ष्मण सत्या यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध तपशीलाने उलगडला आहे. त्यांच्या संशोधनाचा आधार घेऊन माइक डेव्हिस यांनी २००१ मध्ये असे दाखवून दिले की, १८९९-१९०० च्या ऐन दुष्काळात या प्रांतातून कापसाच्या हजारो गाठींसोबत ७,४७,००० बुशेल धान्यही बाहेर गेले. दुष्काळ निवारणाचे साधन म्हणून ज्या रेल्वेचा गौरव केला गेला, त्याच रेल्वेने धान्य प्रांताबाहेर नेले. पाऊस न पडणे ही नैसर्गिक घटना होती. धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत नसणे ही मात्र आर्थिक व राजकीय घटना होती.

ज्वारीच्या पेवांची जागा नगदी पिकाने घेतल्यानंतर कुटुंबाचे पोट भावावर अवलंबून राहू लागले. पुढे येणाऱ्या साथींची भूमी अशा रीतीने आधीच नांगरली गेली होती.

५. साथरोग कायदा आणि १९१८ ची साथ

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाँगकाँगसारख्या बंदरांतून व्यापारी मार्गाने पसरलेल्या या रोगामुळे युरोपातील राष्ट्रे भारतीय मालावर बंदी घालतील, अशी धास्ती सरकारला होती. या पार्श्वभूमीवर १८९७ चा साथरोग कायदा अवघ्या काही कलमांत संमत झाला. प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, विलगीकरण यांचे व्यापक अधिकार शासनाला मिळाले आणि सद्हेतूने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण मिळाले. या अधिकारांचा पुण्यात जो वापर झाला, त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. लोकमान्य टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस स्वतःला टोचून घेतली, हीदेखील याच काळातील घटना. कायद्याने शासनाला अधिकार दिले. रुग्णाला अन्न, औषध वा मजुरी मिळण्याचा हक्क मात्र दिला नाही.

या उणिवेची किंमत १९१८ मध्ये मोजावी लागली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जहाजांतून आणि सैनिकांच्या वाहतुकीतून इन्फ्ल्युएन्झा मुंबईत उतरला. जून १९१८ मधील पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट भीषण ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तेथून रेल्वेमार्गाने साथ आत शिरली. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाडचा समावेश होता. त्याच वर्षी मोसमी पावसाने दगा दिला. युद्धामुळे धान्य आणि कापड महागले होते. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातच अंगावर पांघरायला कापड मिळणे कठीण झाले, ही त्या वर्षातील एक कटू विसंगती होय. कापडाच्या टंचाईवर उपाय म्हणून सरकारला १९१८ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

रोग सर्वांना सारखा गाठतो, हा समज त्या काळच्या आकडेवारीने खोटा ठरविला. मुंबईत हिंदूंमधील कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींत दर हजारी ६१.६ तर युरोपियनांत ८.३ मृत्यू झाले. फरक विषाणूत नव्हता. तो घराच्या आकारात, आहारात आणि शुश्रूषेच्या उपलब्धतेत होता.

आणखी एक मुद्दा नोंदीचा आहे. १९१९ मध्ये आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी देशभरातील बळींचा प्राथमिक अंदाज सुमारे ६० लाख असा दिला. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी तो सव्वा कोटीच्या घरात गेला. इयान मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० लाखांहून अधिक, तर नंतरच्या संशोधकांनी त्याहून कमी असा अंदाज मांडला. जवळजवळ शतकभर मृतांची संख्या बदलत राहिली, कारण मुळातली नोंदच कच्ची होती. मृत्यूची वर्दी देण्याचे काम पाटील-कोतवालांकडे होते आणि बहुसंख्य मृत्यू 'ताप' या एकाच सदराखाली घातले जात. साथीत पाटील व कोतवालच आजारी पडले की वहीदेखील आजारी पडे. गावठाणात ही स्थिती असेल, तर जंगलाच्या कडेच्या पोडावरील मृत्यू वहीपर्यंत पोहोचण्याची शक्यता किती कमी होती, हे सांगावयास नको.

६. नियंत्रणातून खुल्या बाजाराकडे

स्वातंत्र्योत्तर काळात कापूस उत्पादकाला जागतिक बाजाराच्या झळांपासून संरक्षण देण्याचा प्रयत्न झाला. १९७० मध्ये भारतीय कापूस महामंडळ अर्थात सीसीआयची स्थापना झाली. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना राबविण्यात आली. विलंबाने मिळणारे चुकारे आणि वाढता तोटा हे या योजनेचे दोष होते. तरीही खाजगी व्यापाऱ्याच्या मनमानीला तिने काही काळ आळा घातला.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या कापूस उत्पादकांना दिलेल्या अनुदानांमुळे जागतिक भाव दबून राहतात, ही तक्रार २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या चार आफ्रिकी देशांनी जागतिक पातळीवर मांडली. ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध हाच वाद जिंकला. यवतमाळच्या शेतकऱ्याची स्थिती या आफ्रिकी शेतकऱ्याहून वेगळी नव्हती. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि त्याच सुमारास एकाधिकार योजना मोडीत निघाली. एका बाजूने लागवडीचा खर्च वाढला, दुसऱ्या बाजूने भावाचे कवच गेले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. कापसाची किंमत शरीराने चुकविण्याची ही रीत महामारीपूर्वीच येथे रुजली होती.

७. कोविड : जुना कायदा, नवा बाजार

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविड नियंत्रणासाठी जो कायदा वापरला, तो १८९७ चाच होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. विदर्भातील अनेक शेतकऱ्यांच्या घरी त्या वेळी कापूस पडून होता. २०१९-२० च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,२५५ रुपये व लांब धाग्याचा ५,५५० रुपये होता. परंतु खरेदी केंद्रे थांबली. एप्रिलच्या उत्तरार्धात ती मर्यादित वाहनसंख्येवर पुन्हा सुरू झाली. नोंदणी, टोकन, प्रतवारी आणि प्रतीक्षा यांत आठवडे गेले. खरिपाच्या बियाण्यासाठी पैसा हवा असलेल्या लहान शेतकऱ्याला हमीभावाच्या बरेच खाली खाजगी व्यापाऱ्याला माल द्यावा लागला. उन्हाळ्यात घरात साठविलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. एकाच खोलीच्या घरात माणसे आणि कापूस यांनी एकत्र टाळेबंदी काढली.

ही कोंडी केवळ स्थानिक नव्हती. युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाल्याने बांगलादेशातील कपडा कारखान्यांच्या मागण्या रद्द झाल्या आणि सूत व रुईची निर्यात मंदावली. त्याआधीच २०१८ मध्ये अमेरिका-चीन व्यापारयुद्धात चीनने अमेरिकन कापसावर २५ टक्के शुल्क लावले होते. सीसीआयने त्या हंगामात देशभरात सुमारे १०५ लाख गाठी खरेदी केल्या. सार्वजनिक खरेदी यंत्रणा पूर्णतः मोडीत निघाली असती तर काय झाले असते, याची कल्पना यावरून येते.

दोनच वर्षांत चित्र उलटे झाले. जागतिक मागणी सावरली. अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये शिनजियांगच्या कापसावर बंदी घातली. भारतात उत्पादन घटले. २०२२ च्या पूर्वार्धात विदर्भात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. परंतु भाव शिखरावर पोहोचला तोवर वेचणी होताच माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या घरात कापूस उरला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये गिरण्यांच्या मागणीवरून ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते रद्द झाले. १८६५ आणि २०२२ या दोन तेजींमध्ये दीड शतकाचे अंतर आहे. तेजी कोणाच्या वाट्याला येते, हा नियम मात्र फारसा बदललेला नाही.

आरोग्याच्या बाबतीतही अंतर निर्णायक ठरले. झरी जामणीपासून जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साधारण शंभर किलोमीटरवर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती-यवतमाळ पट्ट्यात लागली आणि तेथे निर्बंध आले. एप्रिल २०२१ मध्ये मद्यविक्री बंद असताना शेजारच्या वणी येथे सॅनिटायझर प्राशन केल्याने सात जण दगावले. हे मृत्यू कोविडच्या तक्त्यात येत नाहीत, पण महामारीच्या इतिहासातून ते वगळताही येत नाहीत.

लसीच्या प्रश्नात जागतिक राजकारण उघड झाले. भारत व दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी बौद्धिक संपदा हक्क स्थगित करण्याचा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवला. मर्यादित स्वरूपाचा निर्णय येण्यास जून २०२२ उजाडले. देशांतर्गत पातळीवर १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील नागरिकांसाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा नोंदणी संगणकीय प्रणालीवर करावयाची होती. स्मार्टफोन व नेटवर्क नसलेल्या, मराठीही दुसरी भाषा असलेल्या पोडावर ही अट म्हणजे नवी नाकेबंदीच होती.

८. नोंदीचे राजकारण

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांतील भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा प्रसिद्ध केला. शासकीय कोविड बळींचा आकडा त्या मुदतीसाठी सुमारे ४ लाख ८० हजार होता. भारत सरकारने संघटनेच्या पद्धतीवर आक्षेप नोंदविला. पुढे मे २०२५ मध्ये नागरी नोंदणीची माहिती प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात २०१९ मध्ये सुमारे ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. या वाढीत नोंदणी सुधारल्याचाही वाटा असू शकतो; तरीही एका वर्षातील सुमारे २१ लाखांची वाढ दुर्लक्षिता येणारी नाही. ही माहिती जनतेपुढे येण्यास चार वर्षे लागली.

१९१९ चा ६० लाखांचा अंदाज आणि त्यानंतरची शतकभराची दुरुस्ती यांच्याशी या घटनाक्रमाची तुलना केल्यास साम्य स्पष्ट होते. दरम्यान कापसाच्या वायद्याचा भाव क्षणोक्षणी पडद्यावर बदलत होता. गाठीला क्रमांक असतो, वजन असते, प्रत असते. पोडावर गेलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण मात्र अनेकदा आजही शेजाऱ्यांच्या आठवणीतच राहते. मृत्यूची नोंद ही केवळ सांख्यिकी नव्हे. वारसनोंद, सानुग्रह साहाय्य, अनाथ बालकांसाठीच्या योजना या सर्वांचे दार त्या एका दाखल्याने उघडते. नोंद नसलेल्या मृताचे कुटुंबही शासनदरबारी अदृश्य होते.

९. निष्कर्ष

(१) झरी जामणी परिसर जागतिक अर्थव्यवस्थेच्या बाहेर कधीच नव्हता. कापसाच्या माध्यमातून एकोणिसाव्या शतकातच तो तिच्यात गोवला गेला. 'मागास' या शब्दाने हा संबंध झाकला जातो.

(२) तेजीचा लाभ साठवणक्षमता असलेल्यांना आणि मंदीचा भार उत्पादक व मजुरांना, ही वाटणी १८६० च्या दशकापासून कायम राहिली आहे. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू केले; त्याच्या आदल्या आठवड्यात, १९ ऑगस्टला, भारताने कापसावरील आयात शुल्क रद्द केले व ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. वस्त्रोद्योगाला दिलेला हा दिलासा ऐन हंगामात कापूस उत्पादकाच्या भावातून वजा होण्याचा धोका होता. हे त्याच सूत्राचे नवे उदाहरण आहे.

(३) साथरोगविषयक कायद्याचा भर १८९७ पासून नियंत्रणावर राहिला. उपजीविकेच्या व उपचाराच्या हक्कावर नाही.

(४) दुर्गम भागातील मृत्यूची अचूक व कारणासहित नोंद हा आरोग्यधोरणाचा पाया मानला पाहिजे. पोडनिहाय नोंदणी, ग्रामसभेसमोर वार्षिक मृत्युनोंदीचे वाचन आणि कोलामी भाषा जाणणाऱ्या आरोग्यसेवकांची नेमणूक हे उपाय अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांच्या अधिकारांशी सुसंगत आहेत आणि त्यांना मोठा खर्चही लागत नाही.

१९१८ मध्ये या परिसरात किती माणसे दगावली, याचे नेमके उत्तर आता कोणत्याही दफ्तरातून मिळणार नाही. २०२१ बाबत ते उत्तर अद्याप मिळविता येण्यासारखे आहे, कारण ती आठवण असलेली माणसे हयात आहेत. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी गावोगावी जाऊन ही नोंद करणे, हे कार्य त्यामुळेच तातडीचे ठरते.